पॉइंटांवर मुंबईचा समुद्र: अपोलो बंदर की जुहू?

परवा आत्तेबहिणीचा फोन आला. आत्या-काकांच्या लग्नाला डिसेंबरात चाळीस वर्षं होतायत, तेव्हा दोघांना पुण्याहून मुंबईला, समुद्रासमोरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात राहायला पाठवायचंय. नवऱ्याच्या मॅरियट बॉनव्हॉय (मॅरियट हॉटेलांची सभासद योजना) खात्यात साठेक हजार पॉइंट साठलेत, तिच्या टाटा न्यू या टाटांच्या अॅपमध्ये वीसेक हजार न्यूकॉइन. "जुहूचं जेडब्ल्यू मॅरियट की अपोलो बंदरावरचं, गेटवेसमोरचं ताज, एवढंच सांग," म्हणाली. एवढंच सांगायला मला पाऊण तास लागला. तिला जे सांगितलं, ते थोडं नीट लावून इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मी स्वतः हात पोळून शिकलो. पॉइंटांवर खोली मिळते. समुद्र मिळेलच असं नाही. काही वर्षांपूर्वी पाण्याकाठच्या एका हॉटेलात (नाव नको) पॉइंट घालून दोन रात्री घेतल्या. वेबसाइटवरचा फोटो निळाशार. खोलीत शिरून पडदा सारला तर समोर एसीचे पंखे आणि मागच्या इमारतीच्या दांडीवर वाळणारे टॉवेल. समुद्र होता, नाही असं नाही. लिफ्टपाशी उभं राहिलं की दिसायचा. चूक माझीच होती. पॉइंटांवर जी खोली मिळते ती बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या वर्गातली असते, आणि तिच्या नावात 'सी व्ह्यू' किंवा 'ओशन' असा शब्द नसेल तर खिडकीतून काय दिसेल ते नशिबावर.

म्हणून आधी समुद्र ठरवायचा, पॉइंट मागाहून. मुंबईत हे अगदी दिशेवर येऊन ठेपतं.

ताजसमोरचं पाणी पूर्वेला आहे. तो खुला अरबी समुद्र नव्हे, मुंबईचं बंदर आहे. नांगरलेल्या बोटी, घारापुरीला जाणाऱ्या लाँच, मध्ये गेटवे, आणि पलीकडे उरणच्या बाजूचे डोंगर. तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही. डिसेंबरात उगवायलाही सात वाजतात, म्हणजे गजर लावायची गरज नाही. जुहू बरोबर उलटं. पश्चिमेला सरळ क्षितिज, खाली वाळू, संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य पाण्यात. सूर्यास्त बघायला म्हणून ताजची सी व्ह्यू खोली घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांना गेटवेवर पडलेलं उतरतं ऊन दिसतं, तेही सुंदरच असतं, पण ठरवून गेलेला माणूस खट्टू होतो.

आता पॉइंटांचा हिशोब. इथे लोक हमखास फसतात, कारण दोन्हीकडे 'पॉइंट' म्हणत असले तरी ही दोन वेगळी नाणी आहेत.

न्यूकॉइन रुपयाला बांधलेलं आहे. एक कॉइन म्हणजे एक रुपया, जून असो की डिसेंबर. ताजमध्ये हवी ती खोली निवडायची, तिच्या दरातून कॉइन वजा करायचे, उरलेले पैसे भरायचे. त्यामुळे पॅलेसमधली (ताजची जुनी वास्तू) समुद्रासमोरची खोली असो की टॉवरमधली (शेजारची नवी इमारत) शहराकडची, कॉइनला फरक पडत नाही. फरक तुमच्या खिशाला पडतो. जेवणाच्या बिलातही कॉइन चालतात. हा मोठाच फायदा. पण त्याची दुसरी बाजू लोक बोलत नाहीत: हेच कॉइन बिगबास्केटवर तांदूळ-तेलाला आणि क्रोमात मिक्सरलाही चालतात. म्हणजे कॉइनवर ताजला राहणं 'फुकट' नाही. वीस हजारांचा किराणा सोडून तुम्ही एक रात्र घेताय. ते कॉइन जमले कसे, तेही आठवावं. टाटा न्यू इन्फिनिटी कार्डावर टाटांच्या दुकानांत खर्चाच्या ५ टक्के आणि इतरत्र दीड टक्का कॉइन मिळतात. वीस हजार कॉइन म्हणजे टाटांकडे चार लाखांचा खर्च, नाहीतर बाहेर तेरा लाखांच्या वर. एवढं घाम गाळून जमवलेलं आपण 'फुकटचं' म्हणून उधळतो.

बॉनव्हॉयचा पॉइंट तरंगता आहे. कुठल्या हॉटेलाला किती पॉइंट याचा ठरावीक तक्ता मॅरियटने २०२२ पासून सोडून दिला, त्यामुळे एकाच खोलीला आज एक आकडा आणि पुढच्या आठवड्यात दुसरा. पण रुपयांतला दर जसा उसळतो, तसा पॉइंटांतला दर त्याच प्रमाणात उसळतोच असं नाही. आपला फायदा नेमका त्या फटीत असतो. समजा डिसेंबरातल्या एका शनिवारी जुहूच्या खोलीचा दर १८,००० रुपये आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० झाले. त्या रात्रीला ३०,००० पॉइंट मागत असतील तर एका पॉइंटला ७० पैसे पडले. तीच खोली ऐन जुलैत ११,०००ची असेल तर करासकट १२,९८०; पॉइंट मात्र तेवढेच मागितले तर भाव आला ४३ पैशांवर. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या तारखेचे खरे आकडे अॅपवर बघा आणि एवढा एक भागाकार करा. माझा स्वतःचा दंडक ६० पैशांचा आहे. त्याखाली आलं की रोख भरतो आणि पॉइंट राखून ठेवतो. बुकिंगच्या शेवटच्या पानावर पॉइंटांशिवाय आणखी काही रक्कम दाखवतायत का, तेही तेव्हाच बघून घ्यावं.

राखून ठेवायलाही हरकत नाही, कारण खात्यात दोन वर्षांत एकदा तरी हालचाल झाली की बॉनव्हॉयचे पॉइंट जिवंत राहतात. शिवाय पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट कापतात. पुण्याहून दोन दिवसांसाठी येणाऱ्याला याचा उपयोग शून्य. पण न्यू जर्सीहून डिसेंबरात आठवडाभर मुंबईत येणाऱ्या भाच्याला हे जरूर सांगा. तिकडच्या कार्डांवर या मंडळींकडे पॉइंटांचे डोंगर असतात आणि बिचारे इथे येऊन पार्ल्यात मावशीच्या सोफ्यावर झोपतात.

एचडीएफसीचं मॅरियट कार्ड घरात असेल तर वर्षाला तीन हजार रुपये अधिक जीएसटी फीच्या बदल्यात १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र मिळते. जुहूसाठी ती एकटी पुरेल असं धरून चालू नका. तिच्यात आपले पॉइंट भर म्हणून घालता येतात, ते घालावेत.

दोन्हीकडची वास्तू आणि आजूबाजूचा परिसर यांची मात्र तुलनाच होऊ शकत नाही, आणि खरा निर्णय माझ्या मते इथेच होतो.

ताज १६ डिसेंबर १९०३ला उघडलं. गेटवे पुरा झाला १९२४ला, म्हणजे आपण ज्याला 'गेटवेसमोरचं ताज' म्हणतो त्याच्यासमोर पहिली वीस वर्षं गेटवे नव्हताच. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा. ते वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. मूळ प्रवेश तेव्हा शहराच्या बाजूने होता, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. काकांना अशा गोष्टी सांगत फिरायला आवडतं. त्यांना पॅलेसचा जिना दाखवला की पुढचा अर्धा तास आपल्याला काही करावं लागत नाही. टॉवर मात्र सत्तरच्या दशकातला. सोयी त्याच, दर सहसा उतरता, पण जिना, कमानी, लाकडी कठडे हे सगळं पॅलेसमध्ये. 'ताजला राहिलो' याचा जो अर्थ आपल्या मनात असतो तो पॅलेसचा असतो. कॉइनवर जायचंच असेल तर टॉवरच्या दोन रात्रींपेक्षा पॅलेसची समुद्राकडची एकच रात्र घ्यावी, या मतावर मी ठाम आहे. बाहेर पडलं की चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, कुलाबा कॉजवे. घारापुरीला जायचं असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

जेडब्ल्यू जुहू म्हणजे साडेतीनशेच्या वर खोल्यांचं, ऐसपैस पसरलेलं हॉटेल. तिथली मजा हॉटेलातच. तलाव, हिरवळ, मागच्या बाजूने उतरलं की वाळू. लहान मुलं असतील तर डोळे झाकून जुहू. ताजच्या दारात सुरक्षातपासणी आणि बाहेर गेटवेची गर्दी, त्यात मुलांना मोकळं सोडायला जागा नाही. जुहूला पृथ्वी थिएटर जवळ, पार्ल्यात दीनानाथ नाट्यगृह, म्हणजे संध्याकाळी मराठी नाटकही जमू शकतं. पावसाळ्यात मात्र जुहूच्या वाळूची अपेक्षा ठेवू नका. भरतीबरोबर कचरा येतो, ऑगस्टच्या सुमारास निळे डंख मारणारे जेलीफिशही. तेव्हा तिथे समुद्र काचेतूनच बघायचा.

प्रवासाचं एका वाक्यात सांगायचं तर ताज पुणेकरांच्या सोयीचं, जुहू विमानाने येणाऱ्यांच्या. डेक्कन क्वीनने सव्वासातला निघालं की साडेदहाच्या आत सीएसएमटी, तिथून काळी-पिवळीने थोडंसंच अंतर. खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, तर सामान ठेवून संग्रहालय उरकून घ्यावं. परतीची गाडी संध्याकाळी पाच दहाची.

"आणि मरीन ड्राइव्ह?" हे तिने मध्येच विचारलं होतं. तिथला समुद्र मला या दोन्हींपेक्षा जास्त आवडतो, विशेषतः रात्री. नरिमन पॉइंटचं पस्तीस मजली ट्रायडेंट त्यासाठी एक नंबर, पण ते ओबेरॉय समूहाचं. तिच्याकडचे दोन्ही प्रकारचे पॉइंट तिथे कामाचे नाहीत. तिथलंच इंटरकॉन्टिनेंटल, पूर्वीचं नटराज, हे आयएचजी या तिसऱ्याच हॉटेल-साखळीचं. साठेक खोल्यांचं आहे, मोठं हॉटेल म्हणता येणार नाही. न्यूकॉइनवाल्यांनी वांद्र्याच्या ताज लँड्स एंडचा मात्र जरूर विचार करावा. कॉइन तेच, समुद्र पश्चिमेचा, शेजारी वांद्र्याचा किल्ला आणि समोर सी लिंक. पॅलेसचा दर अंगावर आला तर मी तिकडे वळेन.

नाश्त्याचं एक लक्षात ठेवा. बॉनव्हॉयच्या पॉइंटांवरची रात्र म्हणजे नुसती खोली. वर्षाला पन्नास रात्री करणारा प्लॅटिनम सभासद असाल तर गोष्ट वेगळी. त्याखालच्या गोल्ड सभासदाला नाश्ता नाही. आणि अशा महागड्या हॉटेलांत खाण्यावरही १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या उपाहारगृहासारखा पाच टक्के नव्हे.

तर आत्या-काकांसाठी मी ताज सांगितलं. पॅलेस, समुद्राकडची खोली, एक रात्र, सगळे कॉइन घालून वरचे पैसे रोख. हिशोबाने जुहू जास्त फायद्याचं ठरेल, साठ हजारांत दोन रात्रीही कदाचित निघतील. पण काका पहाटे पाचला उठतात आणि रात्री नऊला झोपतात. त्यांच्या दिवसात सूर्यास्ताची वेळ म्हणजे बातम्यांची. उगवता सूर्य मात्र खुर्ची ओढून बघतील. बॉनव्हॉयचे पॉइंट तिने मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीसाठी ठेवावेत.

तिने हे सगळं काकांच्या कानावर घातलं. त्यांचा एकच प्रश्न आला: "नाश्ता धरून आहे ना?" धरलेला असतो त्याच दराने खोली घे, असं तिला कळवलंय.