कॅलमॅकची बोट आणि मोटारीवाचून पाहिलेले स्कॉटलंड

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतची बेटे मुख्य भूमीशी जोडून ठेवणारी कॅलेडोनियन मॅकब्रेन ही बोटसेवा तिकडे 'कॅलमॅक' या सुटसुटीत नावाने ओळखली जाते. माझी थोरली बहीण आणि मी उन्हाळ्यात एडिंबरो, ग्लासगो ही शहरे, ओबन हे बंदर आणि मल व आयोना ही बेटे असा प्रवास केला, त्यात ज्या एका सेवेवर आमचा सगळा बेत उभा होता ती हीच. आम्ही दोघेही यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे, तर ताई कपाशी आणि तुरीची शेती अजूनही स्वतः पाहते. आम्हांला मोटार चालवता येत नाही, आणि सहल कंपनीच्या गटाबरोबर एका दिवसात चार ठिकाणे उरकण्याची इच्छाही नव्हती. अशा प्रवाशांना त्या बेटांवर आपले आपण जाता येते काय, हे आमच्या भागातील पुष्कळांना जाणून घ्यायचे असेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ताईची अट एकच होती, मृग लागण्यापूर्वी घरी परतायचे. ही अट तिकडच्या हंगामाशी चांगलीच जुळते. मे महिन्यात बोटींचे उन्हाळी वेळापत्रक लागू झालेले असते, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड राहतो, आणि पुढे जून ते ऑगस्टमध्ये माणसाला नकोसे करून सोडणाऱ्या 'मिज' नावाच्या चावऱ्या चिलटांचा जोर अजून वाढलेला नसतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकत असताना तिकडे दुपारची हवा १५ अंशांच्या आसपास असते, पण समुद्रावरच्या वाऱ्यामुळे ती त्याहून बरीच गार लागते. स्वेटरवर घालायला पाणी न शिरणारे जाकीट हवेच. छत्रीचा तेथे काही उपयोग होत नाही.

शहरांविषयी थोडक्यात सांगतो. एडिंबरोचा जुना आणि नवा भाग १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि किल्ल्यावरून रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता तोफ डागण्याची १८६१ पासूनची प्रथा आजही पाळली जाते. तेथून ग्लासगोला जाणारी जलद रेल्वे सुमारे पन्नास मिनिटे घेते. ग्लासगोमध्ये १८९६ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे अवघ्या पंधरा स्थानकांचे वर्तुळ फिरते, त्यामुळे नवख्या माणसालाही वाट चुकण्याची भीती वाटत नाही. केल्विनग्रोव्ह हे १९०१ सालचे वस्तुसंग्रहालय विनामूल्य पाहता येते, आणि त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन.

एडिंबरोहून येणारी ही रेल्वे आणि ओबनला जाणारी रेल्वे ही दोन्ही ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावर मिळतात. ओबनचा प्रवास तीन तासांहून थोडा अधिक आहे. यात एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वाटेत क्रियनलॅरिक येथे काही गाड्यांचे दोन भाग होतात, एक ओबनकडे वळतो आणि दुसरा मॅलेगकडे जातो, म्हणून आपला डबा कोणत्या भागात आहे हे ग्लासगोलाच विचारून बसावे. ओबनला उतरल्यावर बोटीचा धक्का रेल्वेस्थानकाला अगदी लागून आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सामान घेऊन टॅक्सी शोधत फिरावे लागत नाही, ही सोय छोटी वाटली तरी आमच्या वयाच्या लोकांसाठी फार मोठी आहे.

आता मूळ विषय. ओबनहून मल बेटावरच्या क्रेगन्यूर बंदराला जायला बोटीला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. पायी प्रवाशाला काही मिनिटे आधी धक्क्यावर पोहोचले तरी चालते, पण मोटार नेणाऱ्याला बरेच आधी यावे लागते आणि हंगामात तिची जागा कितीतरी दिवस अगोदर राखून ठेवावी लागते. बोटीत वाहने चढताना आम्ही कठड्याशी उभे राहून पाहिले. पिवळी जाकिटे घातलेले कर्मचारी हाताच्या खुणांनी एकेक गाडी वीतभर अंतरावर आणून थांबवत होते. आधी मालट्रक, मग मेंढ्यांनी भरलेली जाळीची गाडी, मागोमाग डाकेची लाल गाडी, आणि सरतेशेवटी पर्यटकांच्या मोटारी. कोणी ओरडत नव्हते, कोणी भोंगा वाजवत नव्हते. ताई मेंढ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "पाह्य भाऊ, कशी गुमान उभी हायेत." पुढे लिस्मोर बेटाच्या टोकाचा १८३३ सालचा दीपस्तंभ आणि मलच्या कड्यावरचा मॅक्लीन घराण्याचा ड्युअर्ट किल्ला वरच्या मोकळ्या डेकवरून अगदी जवळून दिसतो. पाट्या इंग्रजीबरोबर तेथील जुन्या गेलिक भाषेतही आहेत, आणि हे पाहून मला फार बरे वाटले.

ही बोट पर्यटकांसाठी चालत नाही, आणि मला तिचे हेच वैशिष्ट्य सर्वांत मोठे वाटते. तालुक्याला जाणारी एसटी आपल्या खेड्याला जशी, तशी ही बोट तेथील लोकांना. दवाखाना, बाजार, शिक्षण, जनावरांची विक्री या सगळ्यासाठी ते तिच्यावर अवलंबून आहेत. कंपनी स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे. समुद्रावरून जितके अंतर जायचे तितकेच रस्त्याने गेल्यास जो खर्च येईल, त्याच्या आधारावर भाडे ठरवण्याचे सूत्र २००८ मध्ये काही मार्गांवर प्रथम अजमावण्यात आले आणि २०१५ पर्यंत पश्चिमेच्या सर्व मार्गांना लावण्यात आले. समुद्र मध्ये आहे म्हणून बेटावरच्या माणसाने जास्त दंड का भरावा, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. या धोरणाचा लाभ आपल्यासारख्या परक्यालाही मिळतो, कारण पायी प्रवाशाचे भाडे तेथील इतर खर्चाच्या मानाने खरोखरच माफक आहे.

क्रेगन्यूरला बोटीच्या वेळा पाहून मलच्या दुसऱ्या टोकाच्या फिनफोर्ट गावाची बस सुटते. सुमारे साठ किलोमीटरचा हा रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच गाडीपुरता रुंद आहे, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला थांबण्यासाठी जागा आखलेल्या आहेत. समोरून गाडी दिसली की जो त्या जागेच्या जवळ असेल तो थांबतो, दुसरा हात वर करून पुढे जातो. असा शिष्टाचार सवा तासभर अखंड पाहायला मिळाला. फिनफोर्टहून आयोनाला लहान बोट दहा मिनिटांत पोहोचवते. आयोनावर पाहुण्यांच्या मोटारींना परवान्याशिवाय बंदी आहे, त्यामुळे तेथे मोटार नसलेला प्रवासी आणि मोटारवाला यांच्यात काहीच फरक उरत नाही. इ. स. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून येथे आले आणि त्यांनी मठ स्थापन केला. आज दिसणारी दगडी वास्तू नंतरच्या शतकांतली आहे, आणि तिचा पडझड झालेला निवासी भाग १९३८ मध्ये स्थापन झालेल्या आयोना कम्युनिटी या ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने पुन्हा उभा राहिला. गळ्यात तुळशीची माळ असलेली माझी बहीण तेथील प्रार्थनेला शेवटपर्यंत हात जोडून बसली होती, आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

फिनफोर्ट आणि आयोना येथून खाजगी होड्या स्टाफा या निर्जन बेटावर नेतात. ही सेवा कॅलमॅकची नाही, पण आमच्या तालुक्यातल्या माणसाने ती चुकवू नये. आमच्या शिबला-पारडी भागात २०२१ मध्ये रस्त्याच्या खोदकामात बेसॉल्टचे जे उभे, कोनदार खांब सापडले, त्याच प्रकारच्या खांबांचे हे आख्खे बेट आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला पडलेल्या भेगा पृष्ठभागापासून आत खोलवर जातात आणि दगडाचे सहा-पाच बाजूंचे खांब होतात. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, स्टाफाचा त्याहून थोडा अलीकडचा. बेटावरच्या फिंगलच्या गुहेकडे जाताना या खांबांच्या तुटलेल्या माथ्यांवरूनच, कठड्याची दोरी धरून चालावे लागते. माथे ओले असले की पाय घसरतो, म्हणून रबरी तळाचे बूट घालावेत. आत लाट शिरली की तिचा आवाज छातीत घुमतो. संगीतकार मेंडेल्सन १८२९ मध्ये येथे आले होते, आणि त्यांच्या 'हेब्रिडीज' या प्रसिद्ध रचनेमागे हीच सफर आहे. १९८६ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि मे महिन्यात रंगीत चोचीचे पफिन पक्षी तेथे घरटी करतात. शिबल्याच्या खांबांनाही असाच कठडा, फलक आणि राखणदार मिळावा, असे मला तेथे उभे राहून प्रकर्षाने वाटले. मात्र समुद्र खवळलेला असला तर होडी बेटाला लागत नाही, आणि त्याबाबत कोणी शब्द देऊ शकत नाही.

उणिवाही सांगतो. कॅलमॅकच्या ताफ्यातील बऱ्याच बोटी जुन्या झाल्या आहेत. २०१७ मध्ये पाण्यात सोडलेली 'ग्लेन सॅनॉक्स' प्रत्यक्ष प्रवासी सेवेत यायला जानेवारी २०२५ उजाडला, यावरून नव्या बोटींची अडचण कळते. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून बेटावरून परतण्याचा दिवस आणि मायदेशीचे विमान यांत निदान एक पूर्ण दिवसाचे अंतर ठेवावे. मलवर बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत, रविवारी त्याहून कमी. बोटीच्या तिकिटाआधी बसचे वेळापत्रक पाहावे. शाकाहाराच्या बाबतीत शहरांत अडचण नाही, पण बेटावर पर्याय मॅकरोनी चीज, सूप, भाजलेला बटाटा आणि स्कोन नावाचा छोटा पाव एवढ्यावर येतो. एका निवासगृहाला आगाऊ कळवूनही सकाळी ताईच्या ताटात अंडी आणि मांस आले, आणि त्याबद्दल दिलगिरीही कोणी व्यक्त केली नाही. पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, मात्र सर्वत्र मिळते, आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीसोबत बटाटा पोटभरीचा होतो.

राहण्याची जागा हा सर्वांत महाग भाग आहे. मल आणि आयोनावर खोल्या थोड्या आणि मागणी मोठी, म्हणून दिवाळीच्या सुमारासच पुढच्या मे महिन्याची खोली ठरवावी. ती मिळाली नाही तर ओबनला मुक्काम ठेवून, पहिल्या बोटीने निघून संध्याकाळी परतण्याचा पर्याय आहे. त्यात आयोना नीट पाहून होते, स्टाफा मात्र बहुधा घाईत उरकावे लागते.