थंड इंजिन दाखवतो म्हणाले आणि गरम करून ठेवलं: जुन्या डिझेल फिशिंग बोटीचा अनुभव

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जुनी स्पोर्टफिशिंग बोट घ्यायचा कुणाचा विचार असेल, तीही जुळ्या डिझेल इंजिनांची, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून घेतलेल्या बोटीत आम्हाला पद्धतशीरपणे गंडवलं. विकणाऱ्याचं आणि ब्रोकरचं नाव इथे देत नाही. त्यांनी काय काय केलं ते मात्र सगळं सांगतो.

बोट १९८९ ची, ३७ फुटी, फायबरग्लासची. व्यवहार ६२,००० डॉलरला ठरला. आत कॅटरपिलर ३२०८ ची दोन इंजिनं, प्रत्येकी ३७५ हॉर्सपॉवरची. इंजिन नावाजलेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. टूना माशासाठी हडसन कॅन्यनकडे, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल दरीकडे, जायचं म्हणजे किनारा कितीतरी मागे सुटतो. पेट्रोलच्या वाफेचा भडका उडायची धास्ती नको आणि तेवढ्याच इंधनात लांबचा पल्ला गाठता यावा, म्हणून लोक डिझेलच शोधतात. पण एवढ्या जुन्या बोटीत खरी किंमत इंजिनांचीच असते. दोन्ही नव्याने बांधायची वेळ आली तर बोटीच्या किमतीएवढा खर्च सहज होतो. लबाडी करणारा हात घालतो तो इथेच.

इंजिन आमच्यासमोर थंड असताना सुरू करायचं, हे आम्ही ब्रोकरला ईमेलमध्ये कळवलं होतं आणि त्याने लेखी होकारही दिला होता. आम्ही मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवतात त्या धक्क्यावर, पोचलो तेव्हा दोन्ही इंजिनं चालू होती. "थंडी आहे, तुमचा वेळ जायला नको म्हणून आधीच लावून ठेवली," असं अगदी गोड बोलून सांगितलं.

यात काय दडवलं ते समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटतं. सिलिंडर झिजले की दाब कमी पडतो, थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं आणि न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर मागे पाण्यावर पसरत राहतो. तेल जळत असेल तर धूर निळसर येतो. पण इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, फटी कमी होतात आणि तेच इंजिन शहाण्यासारखं चालायला लागतं. गरम इंजिन पाहून ही झीज कळत नाही.

मग सी ट्रायल, म्हणजे बोट पाण्यात चालवून बघायची चाचणी. या इंजिनाची पूर्ण वेगाची मर्यादा २,८०० आरपीएम (मिनिटाला फेरे). थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर तिथपर्यंत पोचतं का आणि पोचल्यावर तापमान स्थिर राहतं का, हाच तर परीक्षेचा भाग. विकणाऱ्याने सुकाणू सोडलं नाही आणि काटा २,००० च्या वर जाऊ दिला नाही. इनलेटमध्ये, म्हणजे समुद्रात जायच्या अरुंद वाटेत, गर्दी आहे, बाहेर लाट आहे, जुन्या इंजिनांना उगाच ताण कशाला, अशी एकेक कारणं.

तेलाची गोष्ट तर अधिक संतापजनक. इंजिनाचं तेल प्रयोगशाळेत दिलं की त्यात सोडियम किती, लोखंड किती ते कळतं, म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरतंय का आणि आतले भाग झिजतायत का याचा अंदाज येतो. आम्ही नमुना दिला, अहवाल स्वच्छ आला. येणारच, कारण तेल आदल्याच दिवशी बदललेलं होतं. हे पुढे मरीनातल्याच एका मेकॅनिककडून कळलं. तेल काही तास वापरलेलं असल्याशिवाय त्या तपासणीला अर्थ नाही.

सर्व्हेयर, म्हणजे खरेदीआधी बोट तपासणारा माणूस, ब्रोकरनेच सुचवलेला. त्याने हातोडी वाजवून, ओलावा मोजून बोटीचा सांगाडा नीट तपासला, पण अहवालात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं की इंजिनांची फक्त बाह्य पाहणी केली आहे. सांगाड्याचा सर्व्हे वेगळा आणि इंजिनांचा वेगळा, हे ब्रोकरला पुरतं ठाऊक होतं. इंजिन सर्व्हेला त्याच्याकडे तारीख कधीच मिळाली नाही.

बोट ताब्यात आल्यावर डावं इंजिन धूर ओकू लागलं. आमच्या मेकॅनिकने आफ्टरकूलर उघडला, तर आत मिठाचा पांढरा थर. टर्बोने दाबलेली हवा थंड करायला तिथून समुद्राचं पाणी फिरतं. आफ्टरकूलर गंजून गळू लागला की पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. व्हॉल्व्हच्या बैठकी खाऊन गेल्या होत्या, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे होते. ३२०८ ला सिलिंडरमध्ये बदलता येणाऱ्या वेगळ्या नळ्या (लायनर) नसतात, त्यामुळे ब्लॉकच आतून कोरून (बोअर) घ्यावा लागतो. एका इंजिनाचा अंदाज २८,००० डॉलर.

वर इंजिन रूम नव्या पांढऱ्या रंगाने चकचकीत केलेली. रंग रबरी होजवर होता, क्लॅम्पवर होता, इंजिनाच्या नंबरच्या पट्टीवरही होता. ज्याला इंजिन जपायचं असतं तो असा रंग मारत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

आणि अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा. त्यावर १,२६० तास दिसत होते. हॅचच्या (इंजिन रूमच्या झाकणाच्या) आतल्या बाजूचं आवाज रोखणारं फोम आम्ही बदलायला काढलं, तर त्याखाली आधीच्या कुणीतरी काळ्या मार्करने तेल बदलल्याच्या नोंदी ठेवलेल्या. शेवटची नोंद ३,१४० तासांची. मीटर बदललेला होता आणि जाहिरातीत "कमी तास चाललेली" असं ठळक लिहिलेलं होतं!

या भागात बोट बघताय तर आणखी एक विचारा: २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा बोट कुठे होती? बुडालेल्या कित्येक बोटी नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या.

ब्रोकरने हात वर केले. करारात "आहे त्या स्थितीत" हे कलम होतं, त्याचाच आधार घेतो. आमच्या वकिलाचं म्हणणं असं की थंड इंजिनाबद्दलचा तो ईमेल आणि हॅचवरच्या नोंदींचे फोटो यांच्यासमोर ते कलम टिकेलच असं नाही. नोटीस गेली आहे, निकाल बाकी आहे. बोट यार्डात उचलून ठेवलेली आहे. यापुढच्या कुणासाठीही वकिलाने दोन वाक्यं करारात घालायला सांगितली आहेत: अवर मीटर खरा असल्याचं विकणारा सहीनिशी लिहून देईल, आणि खरेदीदाराने स्वतः निवडलेल्या माणसाकडून थंड इंजिनाचा सर्व्हे होईपर्यंत आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल. विकणारा दोन्हींपैकी एकालाही नकार देत असेल, तर चेकबुक खिशातच ठेवा आणि मरीनाबाहेर पडा.