हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी क्लिनिकल ट्रायल शोधताना: क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हचे परीक्षण

वडिलांच्या हृदयाची झडप बदलावी लागणार हे कळल्यानंतर शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत जो अवधी मिळाला, त्यात क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणारे अभ्यास, शोधत मी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर पुष्कळ वेळ घालवला. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन चालवत असलेली ही नोंदवही फेब्रुवारी २००० मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि आज तिच्यात जगभरच्या पाच लाखांहून अधिक अभ्यासांची नोंद आहे. ती वापरण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत की खाते उघडावे लागत नाही. एवढ्या मोठ्या साठ्यातून एका रुग्णाच्या उपयोगाचे काही हाती लागते का, एवढेच मला पाहायचे होते.

‘हार्ट सर्जरी’ असे ढोबळ शब्द टाकले की भूल, वेदनाशमन, रक्त देणे, शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम अशा सगळ्या विषयांचे अभ्यास एकत्र पुढे येतात. शोधपानावर आजारासाठी एक चौकट आहे आणि उपचारासाठी वेगळी. हा भेद पाळला की यादी आटोक्यात येते. ‘एऑर्टिक स्टेनोसिस’, म्हणजे महाधमनीच्या तोंडाची झडप अरुंद होणे, हा आजार, तर झडप बदलणे हा उपचार. बायपासही उपचाराच्याच चौकटीत टाकायचा. समानार्थी शब्द यंत्रणा स्वतःच शोधते, मात्र नेमके निदान आपल्यालाच सांगावे लागते, म्हणून इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालावरचे इंग्रजी नाव जसेच्या तसे लिहावे.

त्यानंतर स्थिती पाहावी. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे रुग्ण घेणे चालू आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ हे शब्द फसवे वाटू शकतात, कारण अभ्यास चालू असला तरी नवे रुग्ण घेणे थांबलेले असते. नोंद शेवटची कधी अद्ययावत केली, ती तारीखही तिथेच असते. ती जुनी असेल तर आशा बांधण्याआधी दिलेल्या संपर्कावर विचारून घेणे बरे.

खरा कस लागतो तो पात्रतेच्या निकषांपाशी. तिथली भाषा डॉक्टरांसाठी लिहिलेली असते आणि घरच्या माणसाला ती एकट्याने पेलत नाही. या सेवेची सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असणे, शस्त्रक्रिया तातडीची असणे, मूत्रपिंडाचा आजार असणे अशा कारणांनी अनेक ट्रायल रुग्णाला वगळतात. शिवाय शस्त्रक्रियेतल्या एखाद्या पद्धतीची तुलना करायची असेल तर संमती आधीच घेतलेली असावी लागते. औषधाच्या ट्रायलमध्ये रुग्ण मधेच गोळी थांबवू शकतो. इथेही त्याला केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क असतो, परंतु एकदा बसवलेली झडप किंवा जोडलेली रक्तवाहिनी बाहेर पडल्याने पूर्ववत होत नाही. हा फरक मनाशी पक्का करूनच संमतीपत्रक वाचावे आणि कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरणार आहे का, तपासण्यांचा व गुंतागुंतीच्या उपचारांचा खर्च कोण करणार, किती वर्षे तपासणीसाठी यावे लागेल, हे स्पष्ट विचारावे.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. या यादीत नाव असणे म्हणजे सरकारने तो अभ्यास तपासून सुरक्षित ठरवला असे नव्हे. संकेतस्थळ स्वतःच तसे बजावते, तरीही घाबरलेल्या कुटुंबाच्या नजरेतून ती ओळ निसटू शकते. सहभागासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो मात्र पूर्ण झालेल्या ट्रायलचा. वडिलांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात. ते शब्द जोडून शोधताना ‘लाओस थ्री’ या ट्रायलची नोंद सापडली, क्रमांक एनसीटी०१५६१६५१. असे ठोके असलेल्या रुग्णाची दुसऱ्या कारणाने हृदयशस्त्रक्रिया होत असतानाच डाव्या अलिंदाला (हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्याला) जोडलेली छोटी पिशवी, जिथे रक्ताच्या गुठळ्या होतात, बंद केली तर पक्षाघात टळतो का, हा तिचा प्रश्न होता. त्याच क्रमांकावरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल मिळाला: २७ देशांतले ४,८११ रुग्ण, सरासरी ३.८ वर्षांचा पाठपुरावा, आणि पिशवी बंद केलेल्यांपैकी ४.८ टक्क्यांना, तर न केलेल्यांपैकी ७ टक्क्यांना पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचा त्रास झाला. बहुतेक जण रक्त पातळ करणारी औषधे घेतच होते, त्यामुळे हा लाभ औषधांच्या जोडीने मिळालेला आहे. यांत्रिक झडप बसवल्या जाणाऱ्या रुग्णांना त्या अभ्यासात घेतले नव्हते, हेही निकषांमुळेच कळले.

वडिलांना सामावून घेईल अशी चालू ट्रायल शेवटी मिळाली नाही. परंतु मी या नोंदीची प्रत घेऊन सर्जनना भेटलो, आणि त्यांनी वडिलांना यांत्रिक नव्हे तर जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतींपासून केलेली, झडप बसवणार असल्याचे सांगून पिशवी बंद करण्याच्या फायद्या-तोट्यांवर वडिलांशी सविस्तर चर्चा केली. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रकावर त्या दिवशी आणखी एक ओळ लिहिली गेली, आणि तिचा अर्थ वडिलांना सहीपूर्वी समजलेला होता.