द ग्रेप्स ऑफ रॅथ : माँ जोडसाठी तरी वाचाच

जॉन स्टाईनबेकची ही १९३९ ची कादंबरी परवा रात्री संपली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. ओक्लाहोमात दुष्काळ, धुळीची वादळं, बँकेने जमीन घेतली, मग जोड कुटुंब जुनाट ट्रकमधे सगळा संसार भरून रूट ६६ या हायवेने कॅलिफोर्नियाला निघतं. हीरो घरातला मुलगा टॉम म्हणतात सगळे, पण माझ्यासाठी पुस्तक त्याच्या आईचं, माँचंच आहे. वाळवंट ओलांडताना म्हातारी आजी वाटेत जाते आणि ही बाई रात्रभर त्या प्रेताशेजारी पडून राहते, कुणाला सांगत नाही, का तर गाडी थांबली तर घरचे पलीकडे पोचणार नाहीत... तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ.

केसी पण भारी, धर्मोपदेशकी सोडलेला माणूस, देव शोधता शोधता मजुरांच्या संपापर्यंत येतो. टॉम आधी फक्त आपल्यापुरतं बघणारा, त्याच्यामुळेच बदलतो.

मधली मधली चॅप्टर्स, ज्यात जोड मंडळी नाहीतच, काहींना बोअर होतील, पण ती सोडू नका प्लीज, लोक उपाशी असताना भाव टिकवायला संत्र्यांवर रॉकेल ओततात ते तिथेच आहे. बोलीभाषेतले संवाद सुरुवातीला जड जातात, पन्नासेक पानांनी सवय होते. माझ्याकडून पाच स्टार.