सोलरसोबत बॅटरी: पेडण्यातल्या घरात दहा महिने

डिसेंबरमध्ये 3 किलोवॅटची पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची लाईट तिन्ही सांभाळणारा) आणि 5 युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. नुसती पॅनेल घेऊन भागले नसते. लाईट गेली की साधा सोलर इन्व्हर्टरही बंद पडतो, कारण खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरातला करंट लागता कामा नये. आमच्या आईला रात्री ऑक्सिजनचे मशीन लागते, म्हणून बॅटरी घेतलीच.

चतुर्थीच्या आदल्या रात्री दहाला लाईट गेली, ती पहाटे पाचला आली. 330 वॅटचे मशीन, फ्रीज, दोन पंखे, एक दिवा अखंड चालू. मी दोनदा उठून आकडा पाहिला. बॅटरी 96 वरून 24 टक्क्यांवर आली होती. लाईट गेली होती हे आईला सकाळी माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची छत) बांधताना कळले. माझे पैसे त्या रात्रीच वसूल झाले.

बिल कमी होते ते पॅनेल आणि नेट मीटरमुळे (आपली जास्तीची वीज बाहेर जाते ती बिलातून वजा करणारा मीटर). पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेची 78,000 रुपयांची सबसिडीही पॅनेलचीच. बॅटरीचे सव्वा लाख पदरचे गेले. फक्त बचतीसाठी बॅटरी घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन.

बसवणाऱ्याने विहिरीचा 1 एचपीचा पंपही बॅकअपच्या लाईनवर, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या लाईनवर, जोडला होता. पंप सुरू होताना कित्येक पट करंट ओढतो, त्यामुळे सगळेच ट्रिप व्हायचे, आईचे मशीनसुद्धा. तीनदा फोन केल्यावर माणूस आला. वायरिंगच्या वेळी समोर उभे राहा आणि बॅकअपवर काय जाणार ते स्वतः लिहून द्या.

जूनमध्ये आणखी एक धडा मिळाला. मार्चात दिवसाला 12 युनिट देणारी पॅनेल झडीच्या दिवसांत 3 युनिटवर आली आणि बॅटरी भरेचना. ग्रिडवरून, म्हणजे बाहेरच्या लाईटवर, चार्जिंगची सेटिंग बंदच होती! आता पावसाळाभर ती चालू ठेवतो आणि लाईट जाईल तेव्हासाठी बॅटरीत 70 टक्के राखीव ठेवतो. बाकी वर्षभर 20 टक्के राखीव पुरते.

बॅटरी पश्चिमेच्या चिऱ्यांच्या भिंतीला लावली होती. मे महिन्यात दुपारी ती 44 अंशांपर्यंत तापायची. उष्णतेने तिचे आयुष्य घटते, म्हणून जूनमध्ये उत्तरेच्या खोलीत हलवली. तिथे ती किती तापते ते येत्या मे महिन्यात बघणार आहे.