दोन मॉनिटरवर गेमची फुल-स्क्रीन: एक्सक्लुझिव्ह की बॉर्डरलेस?

गेम चालू आहे, शेजारच्या मॉनिटरवर प्रोफायलर (गेमचा वेग मोजणारं साधन) उघडा आहे. त्यावर एक क्लिक केलं की गेम मिनिमाइझ. परत आणा, पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा रिझोल्यूशन बदलण्याची वाट. एक्सक्लुझिव्ह फुल-स्क्रीनचा (म्हणजे गेम अख्खी स्क्रीन स्वतःच्या ताब्यात घेतो) एवढा एकच त्रास माझ्यासाठी निर्णायक ठरला. मी बॉर्डरलेस, म्हणजे स्क्रीनभर पसरलेली बिनचौकटीची साधी खिडकी वापरायचं ठरवलं.

जीएलएफडब्ल्यू या खिडकी उघडून देणाऱ्या लायब्ररीमध्ये ऑटो-आयकॉनिफाय (फोकस गेल्यावर आपोआप मिनिमाइझ होणं) बंद करता येतं, एसडीएल २ या तशाच लायब्ररीमध्येही फोकस गेल्यावर मिनिमाइझ न होण्याचा हिंट (सेटिंग) आहे. पण डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) च्या खऱ्या एक्सक्लुझिव्हमध्ये फोकस गेला की विंडोजच खिडकीला फुल-स्क्रीनमधून बाहेर काढते. तिथे हिंटचा फारसा उपयोग नाही. ब्रेकपॉइंटवर (डीबगर प्रोग्रॅम जिथे थांबवतो ती ओळ) तर आणखी वाईट: गेमचा थ्रेड थांबलेला, फोकस गेल्याचा संदेश हाताळायला कुणी नाही, स्क्रीन अडकून बसू शकते.

एक्सक्लुझिव्हची बाजूही खरी आहे. ४के मॉनिटर १०८० वर चालवायचा तर ते मोड खरंच बदलतं; बॉर्डरलेसमध्ये कमी रिझोल्यूशनवर रेंडर करून चित्र तुम्हालाच ताणावं लागतं. लेटन्सीचा (बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंतच्या विलंबाचा) मुद्दा मात्र पूर्वीइतका राहिलेला नाही. विंडोज १० वर स्वॉप चेन (तयार फ्रेम स्क्रीनवर पाठवणारी रांग) फ्लिप-डिस्कार्ड पद्धतीची ठेवली तर निदान मला तरी हाताला फरक जाणवत नाही. जुन्या ब्लिट पद्धतीत, म्हणजे फ्रेम कॉपी करून दाखवण्यात, जाणवतो.

बॉर्डरलेसचे घोळ वेगळे, पण ते सुटतात. लॅपटॉपचं स्केलिंग १२५ टक्के असेल आणि प्रोग्रॅमने डीपीआयची जाण जाहीर केली नसेल (म्हणजे स्केलिंग आपण सांभाळतो, हे विंडोजला सांगितलं नसेल), तर १९२०×१०८० ऐवजी १५३६×८६४ हा आकडा हाती येतो आणि चित्र धूसर दिसतं. स्वतःचं इंजिन असेल तर मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती विंडोजला देणारी फाइल) 'पर-मॉनिटर व्ही २' लिहा. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ते चालतं.

दुसरा घोळ जागेचा. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा (०, ०), त्यामुळे त्याच्या डावीकडच्या मॉनिटरचा एक्स उणे. वागळे इस्टेटच्या ऑफिसात मॉनिटर डावीकडे, आणि रात्री ऐरोलीत घरी नुसता लॅपटॉप, असं असेल तर सेव्ह केलेली उणे जागा घरी अस्तित्वातच नसते. गेमचा आवाज येतो, खिडकी दिसत नाही. म्हणून सुरुवातीला जोडलेल्या मॉनिटरांची यादी घ्या, जुनी जागा कुठल्याच मॉनिटरमध्ये बसत नसेल तर मुख्य मॉनिटरवर या. क्रमही पाळा: आधी खिडकी हव्या त्या मॉनिटरवर हलवा, मगच फुल-स्क्रीन करा. उलट केलं तर ती भलत्याच मॉनिटरवर पसरण्याचा धोका असतो.

युनिटी या गेम इंजिनात 'फुलस्क्रीन विंडो' निवडा. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनामध्ये साधी फुल-स्क्रीन आणि एक्सक्लुझिव्ह हे दोन वेगळे मोड आहेत. विंडोजवर साध्या मोडमध्ये कडेला एक पिक्सेलची रेघ राहते. ती डिफॉल्ट क्लिअर कलरची (रिकाम्या जागेच्या रंगाची) असते, तो रंग काळा केला की खटकत नाही.

खेळाडूसाठी सेटिंगमध्ये एक्सक्लुझिव्हचा पर्याय जरूर ठेवा. डीबग बिल्डमध्ये (स्वतःच्या चाचणीच्या आवृत्तीत) बॉर्डरलेसच.