जोखमीचा रंगीत तक्ता की रोकडीचं गणित?

कंपनीत जोखीम व्यवस्थापनाची घडी बसवायला घेतली की लवकरच दोन वाटा समोर येतात. एक हीट मॅपची: शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण द्यायचे, गुणाकार करायचा आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल रंग भरायचा. दुसऱ्या वाटेत प्रत्येक मोठी जोखीम पुढच्या चार तिमाहींच्या रोख प्रवाहात घालून पाहायची, की हे घडलं तर खात्यात किती उरतं. सहा वर्षं आम्ही पहिल्या वाटेनं गेलो, गेली तीन वर्षं दुसरीवर आहोत. मी वित्त विभागातला माणूस आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे वाचणाऱ्यानं आधीच लक्षात घ्यावं.

ही निवड मानकं करून देत नाहीत. उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम म्हणजे जोखीम, अशी व्याख्या आयएसओ ३१००० हे जोखीम व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक करतं. ‘कोसो’ या अमेरिकी संस्थेची जोखीम व्यवस्थापनाची २०१७ ची सुधारित चौकट तर धोरण आणि कामगिरी हे शब्द नावातच घेऊन आली. पाच बाय पाचचा तक्ता मात्र दोघांपैकी कुणीच सक्तीचा केलेला नाही. तो रुळला, कारण सगळं एका पानावर मावतं आणि संचालक मंडळाला दोन मिनिटांत समजतं. हा फायदा खरा आहे.

माझं मन फिरलं ते ‘बारा’ या आकड्यामुळे.

आमच्या जोखमींच्या नोंदवहीत एका वर्षी दोन जोखमींना बारा गुण होते. पहिली, मुख्य उत्पादन लाइन बंद पडणं: शक्यता चार, परिणाम तीन. दुसरी, सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडून पैसे उशिरा येणं: शक्यता तीन, परिणाम चार. रंग दोन्हींचा नारिंगी, आणि बैठकीत वेळही दोन्हींना सारखाच. वास्तविक लाइन बंद पडली की काही दिवसांचं उत्पादन जायचं आणि त्यातलं बरंचसं जादा पाळ्या लावून त्याच तिमाहीत भरून निघायचं. ग्राहकाचे पैसे तीन-चार महिने रखडले तर खेळत्या भांडवलाची मर्यादा संपते, जादा कर्ज काढावं लागतं, व्याज वाढतं आणि नफ्याचं व्याजाशी असलेलं प्रमाण कर्जाच्या अटीच्या खाली जाऊ शकतं. एकात नफ्याला ओरखडा, दुसऱ्यात बँकेसमोर बसायची वेळ, आणि कागदावर मात्र दोन्ही बारा.

त्या वर्षी पैसे मंजूर झाले सुट्या भागांसाठी. देखभाल विभागाला ‘शक्यता चारवरून तीनवर येईल’ हे दाखवता येत होतं, बाराचे नऊ होत होते, रंग पिवळा होत होता. येण्यांच्या विम्याचा, म्हणजे ग्राहकानं पैसे थकवले तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता महाग वाटला, म्हणून तो प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला. पुढे ग्राहकानं खरोखरच जवळजवळ चार महिने पैसे थकवले. कंपनी तरली, पण कर्जाची अट सांभाळण्यासाठी मंजूर झालेला विस्तार थांबवावा लागला. त्या थांबलेल्या विस्ताराची किंमत आमच्या नोंदवहीत कुठेच उमटली नाही. ग्राहकाचे पैसे आले, नारिंगी रंग पिवळा झाला आणि विषय संपला.

जोखीम व्यवस्थापन आणि आर्थिक कामगिरी यांचा सांधा मला इथे दिसतो. फ्रूट, शार्फस्टाइन आणि स्टाइन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये मांडलेला मुद्दा थोडक्यात असा: बाहेरून पैसा उभा करणं महाग पडतं, म्हणून चांगली गुंतवणूक समोर असताना कंपनीची स्वतःची रोकड आटू नये, यात हेजिंगचा, म्हणजे भावातल्या चढउतारांपासून आधीच संरक्षण घेण्याचा, मोठा फायदा आहे. हे आम्ही अनुभवून शिकलो.

१९९३ मध्येच मेटालगेझेलशाफ्ट या जर्मन कंपनीचं प्रकरण घडलं. तिच्या अमेरिकी शाखेनं ग्राहकांना दीर्घ मुदतीसाठी ठरावीक दरानं इंधन पुरवायचे करार केले होते आणि भाववाढीपासून वाचण्यासाठी अल्प मुदतीचे वायदे घेतले होते. भाव पडले. करारांतला फायदा पुढच्या वर्षांत मिळणार होता, पण वायद्यांवरच्या तोट्यासाठी रोख पैसा लगेच भरावा लागला. तोटा सुमारे १.३ अब्ज डॉलर झाला. ते हेजिंग मुळात योग्य होतं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण तक्त्यात भावाच्या जोखमीपुढे ‘हेज केलेलं’ असं लिहून तिला हिरवा रंग देणं किती सोपं होतं, हे मला त्यात दिसतं. रोकड कधी लागेल, याला त्या तक्त्यात रकानाच नसतो.

लुई अँथनी कॉक्स यांनी २००८ मध्ये अशा तक्त्यांची गणिती बाजू तपासली आणि प्रत्यक्षात लहान असलेल्या जोखमीला तक्ता वरचा दर्जा देऊ शकतो, हे दाखवलं. आमचा अनुभव त्याला धरूनच आहे, पण एका कंपनीच्या अनुभवावरून मी नियम काढणार नाही.

रोकडीच्या पद्धतीतही त्रास आहेत. पहिलं वर्ष जड गेलं. विक्री, खरेदी आणि ट्रेझरी (रोकड आणि कर्ज सांभाळणारा विभाग) यांच्या अंदाजांचा एकमेकांशी मेळ बसेना. आकडा दशांशापर्यंत दिसला की लोक त्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, म्हणून आम्ही आता एक आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा देतो. शिवाय गणिताची फाइल एकाच माणसाला कळत असेल तर तीच एक मोठी जोखीम होते. यात मिळालं ते असं की जोखमी एकत्र आल्या तर काय होतं ते दिसू लागलं. मंदीत ग्राहक पैसे थकवतो, मागणी घटते आणि बँकही हात आखडते. तक्त्यावर हे तीन वेगळे ठिपके असतात. रोख प्रवाहात त्यांची एकाच तिमाहीत बेरीज होते.

यातून नफा वाढतो का, असं हमखास विचारलं जातं. हॉइट आणि लीबेनबर्ग यांच्या २०११ च्या अभ्यासात एकात्मिक, म्हणजे सगळ्या जोखमी एकत्र हाताळणारं, जोखीम व्यवस्थापन राबवणाऱ्या अमेरिकी विमा कंपन्यांचं मूल्य सुमारे २० टक्के जास्त आढळलं. त्याच वर्षी मॅकशेन, नायर आणि रुस्तमबेकोव यांना विमा कंपन्यांतच असं दिसलं की एका पातळीपर्यंत मूल्य वाढतं, त्यापुढे जोखीम व्यवस्थापनाचा दर्जा सुधारला तरी खास फरक पडत नाही. विमा कंपन्यांचे निष्कर्ष कारखान्याला जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय मुळात चांगल्या चाललेल्या कंपन्यांनाच हे सगळं परवडतं, असंही असू शकेल.

कामगारांची सुरक्षितता, कायद्याचं पालन, नावलौकिक यांसाठी आम्ही तक्ता ठेवलाय आणि तो ठेवावाच असं मला वाटतं. माणसाच्या जिवाला असलेला धोका रोख प्रवाहात घालू नये. तुमच्याकडे कर्ज अगदी कमी असेल, येणी शेकडो लहान ग्राहकांत विखुरलेली असतील, तर एवढा खटाटोप कदाचित लागणारही नाही. पण कर्जाला अटी असतील आणि एक-दोन ग्राहकांवर भिस्त असेल, तर तक्ता रंगवण्याआधी एक दुपार काढा. सर्वात मोठ्या ग्राहकाचे पैसे एक तिमाही उशिरा आले असं धरून खात्यातली शिल्लक मांडा आणि शेजारी कर्जाची अट लिहा. आमच्या संचालक मंडळाच्या कागदपत्रांत आता तेच पहिलं पान असतं, तक्ता त्याच्या मागे येतो. येण्यांचा विमाही आम्ही घेतला, आणि या वेळी त्याच्या हप्त्यावरून फारशी चर्चा झाली नाही.